दोघांचं मिळून एकशेचाळीस

भायचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला जरा वेळ लागतो. त्याची पाठ मात्र शंभर पाठींत ओळखीन. आमच्या खेळात लांबट, अरुंद होडीत दोघं जण एकामागे एक बसतात, प्रत्येकाच्या दोन हातांत दोन वल्ही, आणि दोघांची तोंडं उलट्या दिशेला. शर्यत जिथे संपते तिकडे पाठ आणि जिथून सुटलो तिकडे तोंड. भाय ताल धरायचा म्हणून तो माझ्या पुढ्यात, मी त्याच्या मागे. कित्येक वर्षं मी ती पाठ बघितली. उजव्या खांद्याखाली भाजल्याचा एक डाग होता. लहानपणी भाताची पेज सांडली होती म्हणे. तो डाग वर सरकला की मी वल्ही पाण्यात घालायची आणि खाली आला की काढायची. कोचने शिट्टी वाजवून जे शिकवलं ते मी कधीच विसरलो. डागाने शिकवलं ते अजून लक्षात आहे.

हे लिहायला बसायचं कारण असं की परवा पेपरात एका गृहस्थांचा फोटो आला. शाल, श्रीफळ, जीवनगौरव. खाली ओळ होती, ‘भारतीय नौकानयन सातासमुद्रापार नेणारे’. बायको म्हणाली, चहा निवतोय आणि तुम्ही एवढे लाल का झालात? मी तिला फोटो दाखवला. तिनेही तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, आणि ती बाई देवाचं नाव घेतल्याशिवाय दिवा लावत नाही. हे गृहस्थ म्हणजे आमचे साहेब. भारतीय नौकानयन सातासमुद्रापार त्यांनी नेलं हे खरं आहे. तिथे नेऊन काय केलं, ते कुणी छापत नाही. म्हणून मी सांगतो.

भायचं खरं नाव मी इथे घालत नाही. सगळा तुडील गाव त्याला भायच म्हणायचा. सावित्रीच्या काठचं मुसलमान घर, वडील तर चालवायचे, म्हणजे पलीकडे जाणाऱ्या माणसांना आणि शेरडांना होडीतून पोहोचवायचे. हा चालायच्या आधी वल्हवायला शिकला. माझं घर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. आमच्याकडे पाणी म्हणजे डोक्यावरच्या हंड्यात मावेल तेवढं. आम्ही दोघं भेटलो ते फौजेत, पुण्याला. उंची आणि छाती बघून मला होडीत बसवलं, आणि बसवल्याबरोबर मी पाण्यात पडलो. काठावरून एक हवालदार हसला, तोच भाय. मला बाहेर ओढून विचारतो, “कुठला तू?” मी म्हटलं, पोलादपूर. तर म्हणाला, “मंग बरोबर हाय. डोंगऱ्या हायस. तुला मी शिकवतो, पन उलटं बसायची लाज धरायची नाय.”

स्वतः त्याने ती लाज जन्मात धरली नाही. फौज सोडून गावी आल्यावरही महाड ते तुडील मिनिडोर रिक्षाने जाताना तो उलट तोंडाच्या बाकावर बसायचा. समोरच्या बाकावर जागा असली तरी. एखादी म्हातारी उलट्या बाकावर बसलेली असली तर तिला उठवून सरळ बाकावर बसवायचा, आणि तिला वाटायचं काय सज्जन माणूस आहे. मी एकदा विचारलं, भाय, मळमळत नाही का? तर म्हणाला, “उलटा बसल्याबिगर पुढं गेल्यासारखं वाटत नाय रे.” खिशात कायम आमसुलं. एक तोंडात टाकायचा, चघळायचा आणि थुंकायचा. लाल थुंकी बघून लोक समजायचे पानाचं व्यसन आहे. फौजेतही एका मेजरने त्याला त्यावरून झापलं होतं. आमसूल चघळलं की तोंडाला पाणी सुटतं, ते थुंकलं की तेवढंच वजन उतरतं, हे त्या मेजरला कोण सांगणार.

वजनाचं आता सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. आम्ही होतो हलक्या वजनाच्या गटात. त्या गटाचा नियम असा की जोडीचं सरासरी वजन सत्तर किलोच्या वर जाता कामा नये. म्हणजे दोघांचं मिळून एकशेचाळीस. एकटा कुणी साडेबहात्तरच्या वर गेलेला चालत नाही, पण एक थोडा जास्त आणि दुसरा तेवढा कमी असला तर चालतं. आता मी डोंगरावरचा, मांड्या जाड, हाडं जड. मी मरून मरून बहात्तरच्या खाली यायचो नाही. मग भायला अडुसष्टवर यावं लागायचं. त्याचं मूळचं वजन काही एवढं कमी नव्हतं. पण मेसमध्ये बसलं की तो आधी माझ्या ताटात बघायचा. मी तिसरी चपाती घेतली की तो आपली दुसरी परत ठेवायचा. मी ओशाळून म्हणायचो, भाय, मी नको खाऊ का? “खा रे. तुला भूक सहन व्हत नाय. वल्हं मारायला ताकद कोनाची लागनार हाय? मी तर नुसता ताल धरतो.” हे शुद्ध खोटं होतं. होडी ओढायचा तोच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे आमची निवड झाली, पूर्वेकडच्या एका देशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती तिच्यासाठी. आमच्या तालुक्यातून कुणी एवढ्या लांब गेलं ते आखातात, नोकरीला. होडी वल्हवायला कुणी विमानात बसल्याचं ऐकिवात नव्हतं. भायच्या आईने डबाभर आमसुलं बांधून दिली. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून हे साहेब होते. शुद्ध बोलणारे, मऊ हातांचे. साहेबांबरोबर त्यांच्या बाईसाहेब होत्या आणि त्या कुठल्या नात्याने संघात होत्या ते आम्ही विचारलं नाही. पासपोर्ट साहेबांकडे. हातखर्चाचे पैसेही त्यांच्याकडेच, हरवतील म्हणून.

पहिल्या शर्यतीत आम्ही मागे राहिलो. हरलेल्यांना दुसरी संधी देणारी एक शर्यत असते, तिच्यात भायने असा काही ताल धरला की मला फक्त तो डाग दिसत होता, वर खाली, वर खाली, आणि एकदम शिंगं वाजली. आम्ही अंतिम फेरीत पोचलो होतो. सहा होड्या, सहावी आमची. कोच रडले. भायने होडीतल्या होडीत मागे हात केला आणि माझा गुडघा थोपटला. कौतुकाची त्याची तेवढीच पद्धत होती.

अंतिम फेरीच्या दिवशी परत वजन द्यावं लागतं. शर्यतीच्या दोन तास आधी काटा उघडतो आणि एक तास आधी बंद होतो. तेवढ्या वेळात काट्यावर उभं राहायचं, नाहीतर बाद. हा नियम आम्हाला ठाऊक होता, कोचला ठाऊक होता आणि साहेबांना तर छापील प्रत मिळालेली होती. कोच पहाटेच होडी जुळवायला तळ्यावर गेले. आम्ही दोघं अंगात दोन दोन स्वेटर आणि वर रबरी कोट घालून राहण्याच्या जागेच्या फाटकाशी उभे. घाम काढायचा होता. भाय आदल्या दुपारपासून पाणी प्यायला नव्हता. ओठ फुटले होते. साहेब आणि बाईसाहेब गाडीत बसले. साहेब काचेतून म्हणाले, “जरा बाजारात जाऊन येतो, जवळच आहे. इथेच थांबा. फाटक सोडू नका, नाहीतर मी तुम्हाला शोधत बसेन.”

आणि आम्ही थांबलो.

शहाणा माणूस असता तर अर्ध्या तासाने म्हणाला असता, गेला तो साहेब खड्ड्यात, आणि चालायला लागला असता. आम्ही शहाणे नव्हतो, फौजी होतो. थांब म्हटलं की थांबायचं, हे हाडात मुरलेलं. बाकीच्या देशांच्या गाड्या एकेक करून आमच्यासमोरून गेल्या. एका गाडीतल्या पोरांनी हात करून विचारलंही, येता का? भायने मान हलवली. “साहेब शोधत बसतील,” म्हणाला. मला आजही हे आठवलं की हाताच्या मुठी वळतात. साहेब आम्हाला शोधत बसणार होते म्हणे.

शेवटी भायने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पळायला लागला. तळं शहराबाहेर होतं. दोन स्वेटर, रबरी कोट आणि पोटात काही नाही. वाटेत माझ्या पोटरीत गोळा आला. भाय मागे आला, माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तसाच पळत राहिला. ज्याने माझ्यासाठी उपास काढले तोच मला ओढत नेत होता. एरवी उलट्या तोंडाने पुढे जाणारा तो माणूस त्या एकाच दिवशी सरळ तोंडाने धावला.

काट्याजवळ पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. कोच त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते. बाईंनी आम्हाला बघितलं आणि घड्याळाकडे बोट केलं. वेळ होऊन गेली होती. फार नाही, पण गेली होती. भायने कोट काढला, स्वेटर काढले, चड्डीवर काट्यावर चढला आणि हाताला धरून मलाही वर ओढलं. दोघांना मावेल एवढी काही ती जागा नव्हती. आम्ही एकमेकांना धरून उभे राहिलो. आकडे थरथरले आणि थांबले. एकशे एकोणचाळीस, वर थोडं. बाईंनी तो आकडा बघितला. मान हलवली, म्हणजे हो, बरोबर आहे. मग हळूच खाली वाकून त्यांनी बटण बंद केलं. त्यांचा मला राग नाही. नियम त्यांनी केला नव्हता, आणि त्या बाजारातही गेल्या नव्हत्या.

शर्यत आम्ही काठावरून बघितली. पाच होड्या आणि एक रिकामा पट्टा. शिंगं वाजली तेव्हा त्या रिकाम्या पट्ट्यातून एक बदक चाललं होतं. सगळे होड्यांकडे बघत होते, भाय शेवटपर्यंत त्या बदकाकडे बघत राहिला. शर्यत संपल्यावर साहेब आले. “अरेरे, रस्त्यात काय गर्दी हो,” म्हणाले. परतताना विमानतळावर त्यांचे खोके उचलायला दोन हमाल लागले. एका खोक्यावर टीव्हीचं चित्र होतं. तो खोका ढकलायला साहेबांनी भायला बोलावलं आणि भायने तो ढकलला. मी असतो तर लाथ मारली असती, असं म्हणतो खरं, पण दुसऱ्या खोक्याला मीच हात लावला होता.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी तिला नशीब म्हटलं असतं. पण साहेबांना वर उत्तर द्यायचं होतं. अंतिम फेरीत पोचलेली जोडी शर्यतीला उभीच का राहिली नाही? बाजारात होतो असं कोण सांगेल? त्यांनी अहवाल दिला की जोडीचं वजन जास्त भरलं. खाण्यावर ताबा ठेवला नाही. झालं. पेपरात दोन ओळी आल्या, ‘वजनाची मर्यादा ओलांडल्याने भारतीय जोडी बाद’. आमच्या पलटणीत कमांडरसमोर भाय सावधान उभा राहून म्हणाला, “काटा बरोबर होता, साहेब.” कमांडर म्हणाले, अहवालात असं नाही. कोचला विचारा, भाय म्हणाला. कोचला विचारलं. कोचला पुढच्या दौऱ्यावर जायचं होतं. कोच म्हणाले, मी होडीकडे होतो, मला कल्पना नाही. आम्हाला दोघांनाही खेळातून काढलं. भायची बढतीही अडली, आणि तो हवालदार म्हणूनच घरी आला.

महाडात उतरल्यावर पहिला प्रश्न काय आला असेल? “काय भाय, बिर्याणी नडली ना?” विचारणारा मोठं धूर्त हसत होता. दुसऱ्याने तेच विचारलं, तिसऱ्यानेही तेच. मला कुणी विचारलं नाही की तुला भाकरी नडली का. उलट पोलादपुरात लोक मला म्हणायचे, तू बिचारा त्याच्यापायी गेलास. बहात्तर किलोचा मी, अडुसष्टचा तो, आणि त्याच्यापायी मी गेलो! मी दोघातिघांच्या अंगावर धावून गेलो आहे. भाय धावून गेला नाही. त्याने वेगळाच मार्ग काढला, आणि त्यापायी लोक त्याला डोक्याने अर्धवट म्हणायला लागले.

त्याने आपलं वजन तसंच ठेवलं. अडुसष्ट. स्पर्धा नाही, गट नाही, होडी नाही, आणि हा माणूस वर्षानुवर्षं अडुसष्टवर. शिवाय बाजारात जिथे काटा दिसेल तिथे चप्पल काढून वर चढायचा. भातगिरणी, भंगारवाला, एसटी स्टँडवरचं लाल-हिरवे दिवे फिरणारं यंत्र, काही सोडलं नाही. वर चढून समोर असेल त्याला म्हणायचा, “वाच.”

“अडुसष्ट.”

“नीट वाच.”

“अडुसष्टच हाय, भाय.”

“आयकलास ना?” एवढं विचारून उतरायचा आणि चालू लागायचा. त्याचा सगळ्यात भरवसा तुडीलच्या रेशन दुकानातल्या काट्यावर होता. त्या काट्याला अख्खा गाव शिव्या घालायचा, पण भाय म्हणायचा, “तांदुळ कमी भरत आसंल, मानूस बरोबर भरतो.” दुकानदार त्याच्याच वयाचा, सोशिक माणूस. पोतं खाली उतरवून त्याला जागा करून द्यायचा.

दुसरी खोड वेळेची. कुठेही जायचं तर एक तास आधी. माझ्या मुलीच्या लग्नाला हा पोलादपुरात पोचला तेव्हा मांडववाला खुर्च्या मांडत होता. माझी बायको केस विंचरत होती, ती ओरडली, भायजी, अहो मुहूर्ताला अजून अवकाश आहे. हा म्हणाला, “वहिनी, काटा बंद झाला की मंग काय उपेग?” तिला काही कळलं नाही. जेवणाच्या पंगतीत मी आग्रह करकरून दमलो, याने जिलबीला हात लावला नाही. आखातातून आलेला त्याचा मेव्हणा शेजारी बसून मला सांगत होता, “इनको कुछ बोलो साहब, घरमे भी ऐसाच करता.” आणि मीच त्याच्या दुखण्याचं अर्धं अंग होतो.

आणि मग साहेब महाडला आले. दोन हजार दहा सालानंतरची गोष्ट, मी तेव्हा एमआयडीसीत सिक्युरिटीला होतो. एका क्रीडा महोत्सवाला प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांना काय माहीत? पोरांना पदकं वाटायला कुणीतरी मोठा माणूस हवा असतो. मी भायला सांगितलं नव्हतं. सांगायला लागलं नाही. कार्यक्रमाच्या एक तास आधी भाय मैदानात हजर, आणि बरोबर टेम्पोत रेशनचा काटा. दुकानदार काळजीने काट्याला धरून बसला होता.

साहेबांचं भाषण चालू असताना भायने काटा मंचासमोर ठेवला. साहेब थांबले. भाय वर चढला आणि गर्दीत मला शोधून हाक मारली, “डोंगऱ्या, ये.” मी गेलो. न जाऊन कसं चालेल? तो बाजूला सरकला, मला वर घेतलं, पहिल्यासारखं धरलं, दुकानदाराला वजनं लावायला सांगितली आणि मान वर करून म्हणाला, “साहेब, आमाला वळखलात? वाचा.”

साहेबांनी ओळखलं होतं. त्यांच्या तोंडाकडे मी बघत होतो, मला कुणी फसवू शकत नाही. एक क्षण त्यांचा रंग उडाला. पण असली माणसं तेवढ्यातच तरून जातात. ते मंचावरून खाली उतरले, चष्मा सारखा केला, काट्याकडे वाकले आणि हातातल्या माईकवर म्हणाले, “एकशे बावन्न! बघा मंडळी, इतक्या वर्षांनंतरही जास्तच भरतंय.”

अख्खं मैदान हसलं. पोरं हसली, मास्तर हसले, ज्यांना काहीही ठाऊक नव्हतं ते सगळ्यात जोरात हसले. साहेबांनी भायच्या पाठीवर थाप मारली. नेमकी त्या डागावर. टाळ्या पडल्या आणि पुढचं नाव पुकारलं. भाय अडुसष्टच होता. बाकीचं सगळं माझं होतं, रात्रपाळीतल्या चहाचं आणि वड्यांचं. पण हे तिथे कोण ऐकून घेणार? मी ओरडत होतो, अहो, त्या दिवशी एकशे एकोणचाळीस होतं, आणि पोरांना वाटलं मी प्यायलोय. दोन स्वयंसेवकांनी मला अदबीने बाहेर नेलं. ती अदब मला अजून बोचते.

टेम्पोत बसताना भाय एवढंच म्हणाला, “थांब म्हनला, आपन थांबलो. तितंच चुकलो.” मग काटा धरून बसला आणि म्हणाला, “हरकत नाय. मी करतो बरोबर.”

काय बरोबर करतो, ते मला वर्षभराने कळलं. तोवर त्याच्या गालांची हाडं वर आली होती. मी त्याच्या घरी गेलो की भाभी, म्हणजे त्याची बायको, माझ्यापुढे ताट ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. एकदा ती बोललीच. “भावोजी, राग धरू नका, पन तुमी जेवलात की ह्यांना भूक नाय लागत. तुमचं पोट बगतात आनि ताट सारतात.” मी घास खाली ठेवला आणि भायवर असा भडकलो की शेजारचे आले. म्हटलं, दोघांचं एकशेचाळीसच करायचंय ना, मीच उतरवतो वजन, तू जेव. मी खरंच प्रयत्न केला. गुडघा धरत नव्हता तरी सकाळी चाललो, भात सोडला. तीन किलो गेले आणि दिवाळीत चार आले. भाय हसून म्हणाला, “तुला भूक सहन व्हत नाय रे. तवा बी मीच सांबाळलं ना? आताबी सांबाळतो.”

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि मुंबईने परत पाठवलं. त्याने आधी जेवण सोडलं की जेवणाने आधी त्याला सोडलं, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ जुनी असेल. असेल. मी त्यांच्याशी भांडलो नाही. भांडायचं कुणाशी ते मला चांगलं माहीत होतं, आणि त्या माणसाचा दिवाणखाना परदेशी टीव्हीने सजलेला होता.

शेवटच्या वेळी भेटलो ती संध्याकाळ. भाय खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, “डोंगऱ्या, दुकानावर ने.” भाभी नको म्हणाली. त्याने तिच्याकडे बघितलं तशी तिने शाल आणून दिली. रेशन दुकान काही लांब नव्हतं, पण आम्हाला वेळ लागला. दुकानदार फळ्या लावत होता. आम्हाला बघून त्याने हातातली फळी खाली ठेवली, काट्यावरचं पोतं एकट्याने ओढून काढलं आणि फडक्याने काटा पुसला.

भायने शाल काढली. मी त्याला धरून वर चढवलं आणि त्याच्यामागे मी चढलो. आता जागेची अडचण नव्हती. माझ्यासमोर ती पाठ होती, सगळे मणके मोजून घ्यावेत अशी, आणि तो डाग सैल होऊन खाली आलेला. दुकानदाराने वजनं लावली, दांडी सारखी केली, वाकून बघितलं आणि परत बघितलं.

“वाच,” भाय म्हणाला.

“एकशे एकोनचाळीस. वर थोडं.”

“नीट वाच.”

“तेवढंच हाय, भाय. देवाशपथ.”

भायने काट्याकडे बघितलंच नाही. तो रस्त्याकडे बघत होता, जिकडून आम्ही आलो तिकडे. मागे हात करून त्याने माझा गुडघा शोधला आणि थोपटला.

“काटा उगडा हाय ना रे अजून?”

“उघडा आहे, भाय. आपण वेळेत आलो.”

“मंग चल. होडी काढ.”

त्याला खाली उतरता येईना. मी त्याला उचललं आणि दोन्ही हातांवर घेऊन तसाच घरापर्यंत चालत गेलो. काहीच वजन नव्हतं त्याला, आणि जे होतं ते माझ्यासाठी शिल्लक ठेवलेलं होतं. साहेबांना शाल द्या, श्रीफळ द्या, जीवनगौरव द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याआधी एकदा हे वजन त्यांच्या हातांवर ठेवायला हवं होतं.